डिझेल ट्रकला बाहेरचा फ्युएल पंप आणि जादा फिल्टर निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे दोन दहाचाकी ट्रक आहेत. एक २०१४ चा, इनलाइन पंपाचा (पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळीने डिझेल जाणारा), आणि दुसरा २०१८ चा, कॉमन रेलचा (उच्चदाबाचे डिझेल एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवून तिथून इंजेक्टरना देणारा). रत्नागिरीकडून माल भरून आंबा घाट चढताना दोन्ही गाड्या ओढत नाहीत. फिल्टर बदलला की काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. कॉमन रेलच्या गाडीत घाटात चेक लाइट लागतो आणि स्कॅनरवर रेल प्रेशर कमी असल्याचा कोड येतो. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप आणि त्याच्याबरोबर २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जादा फिल्टर असा संच बसवा, असे मेकॅनिकने सुचवले आहे. अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांवर असे संच बसवतानाचे व्हिडिओही आपण पाहिले आहेत. आता कोणत्या कंपनीचा संच घ्यावा, असे आपण विचारता.

कंपनीच्या नावाकडे वळण्याआधी हे ठरवावे लागेल की इंजिनाच्या मुख्य पंपाच्या तोंडाशी नेमके काय कमी पडते आहे. तिथे डिझेल पुरेसे पोहोचत नसेल, किंवा हवेसकट पोहोचत असेल, किंवा पाणी आणि घाण घेऊन पोहोचत असेल. तिन्ही बाबतीत चालकाला जाणवते ते एकच, की गाडी लोड खेचत नाही. पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फिल्टर बदलल्यावर काही दिवस गाडी चांगली चालते, ही आपण दिलेली माहिती फार मोलाची आहे. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा) थकला असता तर नव्या फिल्टरने थोडा फरक पडला असता, पण इतका ठळक नाही. त्यामुळे माझा पहिला संशय टाकीवर, डिझेलवर आणि सक्शन लाइनवर (टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या नळीवर) आहे, पंपावर नंतर.

अमेरिकेतल्या व्हिडिओंची पार्श्वभूमीही सांगितली पाहिजे, कारण त्यावरून निर्णय घेताना फसगत होऊ शकते. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या कमिन्स इंजिनाच्या डॉज पिकअपमध्ये बॉशचा व्हीपी४४ हा रोटरी पंप होता आणि त्याला डिझेल पुरवणारा इलेक्ट्रिक पंप इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला होता. तो पुरवठा पंप कमजोर पडला की पाठोपाठ महागडा मुख्य पंप जात असे. जनरल मोटर्सच्या ड्यूरामॅक्स इंजिनाच्या गाड्यांना तर २०१६ पर्यंत कारखान्यातून टाकीजवळ पुरवठा पंपच नव्हता. २०११ पासून तिथे आलेला बॉशचा सीपी४ पंप आतून फाटला की लोखंडाचा चुरा इंजेक्टरपासून टाकीपर्यंत सगळीकडे पसरतो. शिवाय अमेरिकी मानकात डिझेलच्या वंगणक्षमतेच्या चाचणीत झिजेचा डाग ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो; आपल्याकडे आणि युरोपात ही मर्यादा ४६० आहे, म्हणजे आपले मानक याबाबत अधिक कडक आहे. त्या लोकांनी बाहेरचा पंप बसवला तो त्यांच्या गाड्यांच्या ठरावीक उणिवेवर उपाय म्हणून. आपल्या ट्रकमध्ये तीच उणीव आहे, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून मी आधी मोजमाप करतो. फीड पंपाच्या तोंडाशी, म्हणजे प्रायमरी फिल्टरच्या (टाकीकडून पहिल्या फिल्टरच्या) पुढे आणि पंपाच्या अलीकडे, टी जोडून व्हॅक्यूम गेज लावावा आणि लांब नळीने तो केबिनमध्ये आणावा. गाडी भरलेली असताना, चढावर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून रीडिंग घ्यावे. गॅरेजमध्ये उभ्या गाडीची रेस वाढवून घेतलेल्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही, कारण अडथळा पूर्ण प्रवाहातच दिसतो. नव्या फिल्टरवर गेज पाऱ्याच्या ४ ते ६ इंचांच्या आत राहिला तर लाइन मोकळी समजावी. ८-१० इंचांच्या पुढे गेला तर डिझेल ओढताना पंपाची दमछाक होत आहे. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये याची मर्यादा दिलेली असते आणि तीच अंतिम मानावी. माझे आकडे अंदाज येण्यापुरते आहेत.

याच वेळी सक्शन लाइनमध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता घालावा. इंजिन चालू असताना त्यातून जाणारे डिझेल काचेसारखे स्वच्छ दिसले पाहिजे. बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर गाडी एअर घेते आहे: कुठेतरी बँजो बोल्टचा (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) तांब्याचा वॉशर पुन्हा वापरला गेला आहे, रबरी पाइप क्लिपखाली चिरला आहे किंवा हँड प्रायमरचे (लाइनमध्ये डिझेल भरण्याच्या हातपंपाचे) सील गेले आहे. सक्शनच्या बाजूची गळती बाहेर डिझेल टाकत नाही, आत हवा ओढते, त्यामुळे फडक्याने पुसून ती सापडत नाही. हा पाइप तपासणीपुरताच ठेवावा आणि नंतर काढून टाकावा.

गेज जास्त दाखवत असेल तर टाकी उघडा. पिकअप पाइपच्या जाळीवर काळपट चिकट थर बसलेला असतो, कधी टाकीच्या आतल्या गंजाचे पापुद्रे असतात, कधी टाकीच्या झाकणाचा श्वास घेण्याचा मार्ग चिखलाने बंद झालेला असतो. शेवटचा दोष ओळखणे अगदी सोपे आहे. घाटात गाडी ओढेनाशी झाली की बाजूला घेऊन झाकण सैल करावे. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट ओढू लागली, तर पंप विकत घेण्याची गरजच उरत नाही. काळा थर असेल तर तो टाकीच्या तळाच्या पाण्यात आणि डिझेलच्या सीमेवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असू शकतो. अशा वेळी टाकी उतरवून धुणे हाच उपाय. टाकी तशीच ठेवून जादा फिल्टर बसवला तर फरक एवढाच पडेल, की एकाऐवजी दोन फिल्टर बदलावे लागतील.

आता पाण्याकडे येतो, कारण कोकणात उतरणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मानकानुसार डिझेलमध्ये प्रति किलो २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. ३०० लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर ते सुमारे ५० मिलिलिटर होते, आणि हे नियमात बसणारे डिझेल झाले. पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीत शिरलेले पाणी, आपल्या टाकीच्या झाकणाच्या खराब रबरातून आलेले पाणी आणि रिकाम्या टाकीच्या भिंतींवर धरलेला ओलावा हे सगळे वेगळे. रिटर्न लाइनच्या (उरलेले डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) गरम डिझेलात विरघळलेले पाणी रात्री गाडी थंड झाली की सुटून तळाला बसते. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी सेपरेटरचा (पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा) ड्रेन कॉक उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे उभे ठेवावे. खाली पाण्याची स्पष्ट रेघ दिसली तर सेपरेटर आपले काम करतो आहे, पण त्याच्यावर भार जास्त आहे. डिझेल सगळेच दुधट दिसले तर पाणी बारीक थेंबांत मिसळले आहे आणि ते साध्या सेपरेटरला सहज सुटे करता येत नाही.

हे दुधट मिश्रण अनेकदा पंपातच तयार होते. पंपाच्या फिरत्या दातांमधून पाणी आणि डिझेल एकत्र गेले की पाण्याचे मोठे थेंब फुटून बारीक होतात. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर पंपाच्या आधी, सक्शनच्या बाजूला असावा, आणि अतिबारीक फिल्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला असावा, हा नियम मी मोडत नाही. आपल्याला सुचवलेल्या संचात पाणी वेगळे करणारा भाग पंपाच्या पुढे असेल आणि मागे फक्त जाळी असेल, तर त्याची ही उणीव लक्षात ठेवूनच किंमत ठरवावी. सेपरेटरला काढता येणारा पारदर्शक बाऊल, हाताने उघडणारा ड्रेन कॉक आणि शक्य असल्यास पाण्याचा सेन्सर हवा. सेन्सरचा दिवा केबिनमध्ये चालकासमोर असावा. बॉनेटखाली लावलेला दिवा कोणी पाहत नाही.

मायक्रॉनच्या आकड्यावर सर्वाधिक गोंधळ होतो. कॉमन रेल इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांत फट २ ते ४ मायक्रॉनची असते, आणि सर्वाधिक झीज करतात ते साधारण त्याच मापाचे कण. त्यामुळे बारीक फिल्टर हवा, हे खरे. पण डब्यावर नुसते ‘२ मायक्रॉन’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. त्या मापाचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही नाममात्र २ मायक्रॉनचा म्हणवला जातो. विचारायचा तो बीटा आकडा, म्हणजे त्या मापाचे किती कण आत गेले की एक पलीकडे सुटतो. बीटा २ म्हणजे निम्मे अडले. बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. ४ मायक्रॉनला बीटा २०० असलेला फिल्टर, बीटा न सांगणाऱ्या २ मायक्रॉनच्या फिल्टरपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. इंधन फिल्टरची कण अडवण्याची चाचणी आयएसओ १९४३८ प्रमाणे होते आणि पाणी वेगळे करण्याची आयएसओ १६३३२ प्रमाणे. विक्रेता या दोन चाचण्यांचे आकडे देऊ शकत असेल तर बोलणी पुढे न्यावीत.

या बारकाईने इतका फरक का पडतो, ते एका हिशेबातून दिसेल. जगभरातल्या वाहननिर्मात्यांनी डिझेलच्या स्वच्छतेसाठी सुचवलेली पातळी १८/१६/१३ अशी लिहिली जाते. तिच्यातला पहिला आकडा सांगतो की एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण २५०० पेक्षा जास्त नसावेत. १८० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण लोडवर तासाला सुमारे ३४ लिटर डिझेल जाळते. म्हणजे सुचवलेल्या पातळीतल्या ‘स्वच्छ’ डिझेलमधूनही तासाला साडेआठ कोटींपर्यंत कण इंजिनाकडे निघालेले असू शकतात. बीटा २०० चा फिल्टर दोनशेतला एकच कण पुढे जाऊ देतो. त्याच्या जागी निम्मे सोडणारा फिल्टर बसवला तर इंजेक्टरचे आयुष्य किती घटेल, हे वेगळे सांगायला नको.

याच हिशेबातून फिल्टरचे मापही ठरते. विक्रेते गाडीच्या ॲव्हरेजवरून माप सांगतात, पण इंजिन जाळते त्याच्या कित्येक पट डिझेल पंप ओढतो आणि उरलेले रिटर्नने टाकीत परत पाठवतो. फिल्टरमधून जाणारा प्रवाह हा सगळा मिळून असतो. फिल्टर छोटा निवडला तर तो नवा असतानाच सक्शनला अडथळा करतो, आणि लोक मग त्या अडथळ्यावर उपाय म्हणून पंप बसवतात. माझा क्रम उलटा आहे: आधी मोठ्या मापाचा, कमी अडथळ्याचा प्रायमरी, मग गेजचे रीडिंग, आणि त्यानंतरही गरज राहिली तरच पंप. प्रायमरी ३० ते १० मायक्रॉनचा चालतो; त्याने पाणी आणि मोठी घाण अडवावी. बारीक काम सेकंडरीने, म्हणजे पंपाच्या पुढच्या फिल्टरने, करावे. सक्शनच्या बाजूला २ मायक्रॉनचा फिल्टर लावू नये.

आता पंप. आपल्या २०१४ च्या गाडीला बाहेरच्या इलेक्ट्रिक पंपाची गरज बहुधा नाही. इनलाइन पंपाच्या अंगावरच पिस्टनचा फीड पंप असतो. त्याचे स्प्रिंग, व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग यांचे किट मिळते आणि पंपाच्या वर्कशॉपमध्ये ते सहज बदलून होते. आपल्याकडे आजही ज्याला सगळे ‘मायको’ म्हणतात, त्या बॉशच्या पंपांचे सुटे भाग गावोगावी मिळतात. गॅलरीत (फीड पंपाकडून डिझेल येते त्या मुख्य पंपाच्या पोकळीत) गेज लावून पूर्ण रेसवर साधारण १ ते १.५ बार दाब मिळतो का, ते पाहावे. कमी असेल तर आधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्हचे (जादा डिझेल परत सोडणाऱ्या झडपेचे) स्प्रिंग तपासावे. ते सैल पडले की फीड पंप ठणठणीत असूनही दाब धरत नाही, आणि त्याचा दोष उगाच फीड पंपावर जातो.

२०१८ च्या गाडीत उच्चदाब पंपाच्या पाठीला गिअर पंप असतो आणि तो टाकीतून डिझेल ओढतो. इथे टाकी, लाइन आणि फिल्टर निर्दोष करूनही पूर्ण लोडवर व्हॅक्यूम जास्तच राहिला, तर मदतीला इलेक्ट्रिक पंप लावण्यात अर्थ आहे. तो निवडताना जास्तीत जास्त दाबाचा आकडा पाहून भुलू नये. गिअर पंपाच्या तोंडाशी हलका दाब पुरतो. मी अर्ध्या बारच्या आसपास ठेवतो. जास्त दाबाने शाफ्टच्या सीलवर ताण येतो, आणि सील गेले तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. त्यामुळे दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर संचात असलाच पाहिजे. दुसरी अट अशी, की इलेक्ट्रिक पंप बंद पडला तरी गिअर पंपाला त्याच्यातून किंवा त्याला वळसा घालून डिझेल ओढता आले पाहिजे. ही सोय नसलेला पंप मध्यरात्री घाटात बंद पडला, तर चांगली गाडी जागीच उभी राहील.

विजेच्या जोडणीत केलेली घाई फार महागात पडते. आपल्या गाडीची यंत्रणा २४ व्होल्टची आहे. बाजारातले बरेच संच पिकअपसाठीचे, १२ व्होल्टचे असतात, आणि ते चालवण्यासाठी दोनपैकी एका बॅटरीवरून वायर घेतली जाते. त्यामुळे एक बॅटरी सतत कमी भरते, दुसरी जास्त भरते, आणि दोन्ही लवकर जातात. २४ व्होल्टचाच पंप घ्यावा, त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा, आणि इंजिन बंद पडताच पंपही बंद होईल अशी जोडणी करावी. ऑइल प्रेशर स्विचवरून किंवा अल्टरनेटरच्या सिग्नलवरून हे करता येते. अपघातात पाइप तुटला आणि पंप डिझेल ओततच राहिला तर आगीचा धोका असतो, म्हणून या जोडणीवर मी तडजोड करत नाही. पंप टाकीच्या जवळ, चॅसीच्या आतल्या अंगाला, चाकाच्या चिखलापासून आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर बसवावा.

जोडणीच्या साहित्याबद्दल एकच आग्रह धरतो. नळकाम करणाऱ्यांकडचे गॅल्व्हनाइज्ड निपल आणि पाइप डिझेल लाइनला वापरू नयेत. त्यांच्यावरचे जस्त डिझेलमध्ये उतरते आणि नोझलच्या बारीक छिद्रांत थर धरते. स्टील किंवा योग्य मुलामा दिलेली फिटिंग आणि डिझेलसाठीच बनवलेला होज वापरावा.

गाडी कोणत्या बीएसची (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नियमांची पायरी) आहे, एवढ्यावरून संच ठरवू नये. २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झाले तेव्हा बहुतेक कंपन्या कॉमन रेलकडे गेल्या, पण अशोक लेलँडने इनलाइन पंप कायम ठेवून एक्झॉस्टचा काही भाग परत फिरवण्याच्या पद्धतीने ते नियम पाळले. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना दोन वेगळे उपाय लागू शकतात. बीएस-६ ची, वॉरंटीतली गाडी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तिच्या इंधन लाइनमध्ये बाहेरचे काहीही जोडू नये. कंपनीने सांगितलेले फिल्टर वेळेआधी बदलावेत आणि पाणी नियमित काढावे.

आपण कधीकधी रस्त्यावर स्वस्त मिळणारे ‘बायोडिझेल’ भरता, असेही लिहिले आहे. आपल्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळलेले डिझेल चालते, आणि ते पंपावर तसेच मिळाले तर त्यात अडचण नाही. पण बायोडिझेल पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे प्रमाण वाढले की सेपरेटरची क्षमता घटते; आणि रस्त्याकडेच्या टँकरमधून मिळणारे द्रव नेमके काय आहे, हे कोणीच सांगू शकत नाही. फिल्टर दर काही दिवसांनी चोंदण्याचे कारण बहुधा इथेच सापडेल. महिनाभर एकाच भरवशाच्या पंपावरून डिझेल भरून पाहावे. फिल्टरचे आयुष्य वाढले तर आपल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

फिल्टर घेताना कंपनीचा अधिकृत विक्रेता गाठावा आणि बिल घ्यावे, कारण हुबेहूब डब्यातले बनावट फिल्टर बाजारात भरपूर आहेत. जुना कापून पाहण्याची सवय ठेवावी: कागदाच्या घड्या समान अंतरावर आहेत का, टोकाला गोंद पूर्ण लागला आहे का, सांध्यातून डिझेल कागदाला वळसा घालून जाण्याची वाट आहे का, हे डोळ्यांना दिसते. बसवताना नव्या सेकंडरी फिल्टरमध्ये कॅनमधले डिझेल ओतून तो भरू नये. ते गाळलेले नसते आणि सरळ स्वच्छ बाजूला जाऊन इंजेक्टरपर्यंत पोहोचते. फिल्टर कोरडा बसवावा आणि हँड प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत मारून एअर काढावी. वेळ जास्त लागतो, पण इंजेक्टरच्या किमतीपुढे ती काही मिनिटे काहीच नाहीत.

आपण पंपावर पैसे घालण्याआधी एवढे करावे: दोन्ही गाड्यांचे भरलेल्या अवस्थेतले घाटातले व्हॅक्यूम रीडिंग, पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे दिसले की नाही, सकाळच्या बाटलीतल्या नमुन्याचे चित्र आणि २०१४ च्या गाडीच्या गॅलरीतला दाब मला कळवावा. कॉमन रेलच्या गाडीत रेल प्रेशरचा कोड येतो त्या क्षणी मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब स्कॅनरवर दिसतो. तेही दोन आकडे टिपून ठेवावेत. पुरवठ्याची बाजू निर्दोष असूनही या दोन आकड्यांत तफावत राहिली, तर दोष उच्चदाब पंपाच्या मीटरिंग युनिटमध्ये (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या भागात) किंवा इंजेक्टरच्या रिटर्नमध्ये शोधावा लागेल, आणि तिथे टाकीजवळच्या कोणत्याही पंपाचा उपयोग होणार नाही. हे आकडे मिळाले की कोणत्या मापाचा फिल्टर घ्यावा आणि इलेक्ट्रिक पंप लागेल की नाही, हे मी नेमके सांगू शकेन.